ताराबाईंचं एकच पुस्तक

दशलक्षण पर्वात आमच्या बेळगावच्या महिला मंडळात 'उत्तम सत्य'च्या दिवशी एका पुस्तकावर बोलायचं होतं. मी ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' निवडलं. एक काकू म्हणाल्या, "अगं, ती बाई फार फटकळ लिहिते. दुसरं काही घे की." पहिल्या वाचनात मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात मत बदललं.

पुस्तक 1882 सालचं, पुण्यात छापलेलं. ताराबाई वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चालीरीतीवर तोंडसुख घेतलं गेलं. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं, आणि स्वतःच्या नावानं दिलं.

पुस्तकात दोष आहेत. मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, आणि एक विषय संपायच्या आत दुसरा सुरू होतो. पतिव्रतेचा आदर्शही ताराबाई पुरता सोडत नाहीत. पण त्यांना नुसतं फटकळ म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण त्या रागावता रागावता पुरावा मागतात. जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता, ते पुरुषांत नाहीत का? बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग विधवेलाच बंदी का? 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा त्या काळच्या कादंबऱ्यांतल्या नायिकाही त्यांनी तपासल्या. पुरुषांनी रंगवलेली बाई आणि घरातली बाई यांत अंतर आहे, हे त्यांनी ओळखलं. मला तर ही आपल्याकडची पहिल्या काही समीक्षांपैकी एक वाटते.

प्रस्तावनेत त्या स्वतःला घरात कोंडलेली, अडाणी बाई म्हणवून घेतात. ती नम्रता म्हणजे उंबरठा ओलांडण्याआधी डोक्यावर घेतलेला पदर. आत शिरल्यावर मात्र आवाज खाली येत नाही.

त्या धाडसाची किंमत काय झाली? टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. हेही विस्मरणात गेलं, आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. म्हणून "धीर धरा, सगळं चांगलं होईल" असं मी मैत्रिणींना सांगणार नाही. कधीकधी चांगलं होतच नाही.

मग मी हे का लिहितेय? काही वर्षांपूर्वी समाजाच्या एका स्मरणिकेसाठी मी लेख दिला होता. त्यात एक परिच्छेद हक्कसोडपत्राचा होता. भाऊ कागद पुढे करतो, बहीण न वाचता सही करते, आणि साडी-चोळी घेऊन घरी येते. अशी सही मीही केली आहे. "उगाच कुणाचं मन कशाला दुखवायचं?" असं सुचवण्यात आलं, आणि मी तो परिच्छेद निमूट काढला. त्याला मी क्षमाभाव म्हटलं. खरं म्हणजे ती भीती होती. दहा धर्मांत क्षमा आहे तसं सत्यही आहे, पण आम्हा बायकांना पहिलंच तेवढं नीट पाठ करून घेतलेलं असतं.

त्या दिवशी मंडळात मी ताराबाईंवरच बोलले. काकू शेवटपर्यंत बसल्या, आणि जाताना पुस्तक मागून घेऊन गेल्या. आणि तो काढलेला परिच्छेद? तो मी या संग्रहात परत घातला आहे.