पसरट दिसलं म्हणजे स्पिनॉनच का?

त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन स्पिन ठेवा आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट वळायला सांगा. दोघांचं जमतं, तिसऱ्याची पंचाईत होते. हेच फ्रस्ट्रेशन. क्वांटम स्पिन लिक्विडची सगळी आशा याच्यावर.

डिसेंबर 2016 मध्ये 'नेचर'मध्ये यटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडवर एक पेपर आला. न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये मॅग्नॉनची रेखीव रेघ दिसली नाही, पसरलेला ढग दिसला. शीर्षकातच स्पिनॉन फर्मी पृष्ठभागाचा 'पुरावा'. मोजमाप उत्तम आहे. माझी तक्रार त्या एका शब्दाबद्दल. उलटलेल्या स्पिनचे दोन स्पिनॉन झाले, की ऊर्जा दोघांत कशीही वाटली जाते आणि ढग येतो, हे खरं. पण ढग दिसला म्हणून स्पिनॉन, हे कसं? आपल्या लातूर पॅटर्नमध्ये चार पर्याय छापून मिळतात, एक गोल काळा केला की झालं. इथं पर्यायही आपणच लिहायचे असतात.

आणि दुसरा पर्याय स्फटिकातच बसलाय. मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर कसेही मिसळलेत, त्यामुळं प्रत्येक यटर्बियमचा शेजार वेगळा.

याचा चोख तपास म्हणजे चुंबकीय क्षेत्र. इथली स्पिन-स्पिन ओढ काही केल्विनचीच. 8 टेस्लाच्या आसपास जवळपास सगळे स्पिन क्षेत्राच्या दिशेनं वळतात. मग स्पिनॉनचा प्रश्नच नाही, उरतात साधे मॅग्नॉन, आणि रेघ बारीक हवी. रेघ आली, पण जाड! 2017 मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी ही जाडी आयनांच्या मिसळीशी जोडली. त्याच वर्षी झू, मॅक्सिमोव्ह, व्हाइट आणि चेर्निशेव्ह यांनी गणितानं दाखवलं, की अशी अव्यवस्था स्पिन लिक्विडची नक्कल करू शकते. 2018 मध्ये मॅग्नेशियमऐवजी जस्त घातलेल्या भावंडात तसाच ढग मिळाला, पण निष्कर्ष निघाला स्पिन ग्लासचा. उष्णतावहनात स्पिनॉनचा वाटा सापडत नाही, हे तर 2016 मध्येच छापून आलं होतं.

म्हणून असा पेपर हातात आला, की मी आधी जास्त क्षेत्रातली आकृती शोधतो. सोडियम-यटर्बियम ऑक्साइडमध्ये ही मिसळ नाही. 2019 मध्ये तिथं क्षेत्र लावल्यावर 'दोन वर, एक खाली' अशी सुव्यवस्थित रचना उभी राहिली. तिथला शून्य क्षेत्रातला ढग मला जास्त भरवशाचा वाटतो.