अर्थनिश्चितीची हिंसा : रोमेरो यांचा 'मार्टिन'

जॉर्ज ए. रोमेरो (१९४०-२०१७) यांचे नाव 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) आणि 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) यांमुळे चालत्या प्रेतांच्या भयपटांशी कायमचे जोडले गेले. या दोहोंच्या मधल्या काळातील 'मार्टिन' (१९७७) त्यामुळे काहीसा झाकोळला गेला. वस्तुतः भयकथेच्या संकेतव्यूहाची चिकित्सा त्यात अधिक मूलगामी आहे.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची व्याख्या वाचकाच्या दोलायमानतेवर आधारली : घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय होत नाही तोवरच अद्भुत टिकते. 'मार्टिन' प्रथमदर्शनी या व्याख्येत चपखल बसतो. कोवळ्या वयाचा दिसणारा मार्टिन स्वतःला ८४ वर्षांचा रक्तपिपासू मानतो. मात्र त्याला सुळे नाहीत. तो गुंगीचे इंजेक्शन देतो आणि दाढीच्या पात्याने शीर कापतो. लसूण चावून, क्रूस गालाला लावून, जादू म्हणून काही नसतेच हे तो कुडा या वृद्ध नातलगाला दाखवून देतो. रंगीत कथनात मधूनच येणारी कृष्णधवल दृश्ये (बाहू पसरून स्वागत करणारी स्त्री, मशाली घेऊन पाठलाग करणारा जमाव) स्मृती आहेत की जुन्या भयपटांतून उसन्या घेतलेल्या कल्पना, याचा उलगडा होत नाही.

तथापि ही संदिग्धता राखणे एवढेच चित्रपटाचे साध्य नाही. ती कोण संपवतो आणि कशाच्या बळावर, हा त्याचा खरा प्रश्न आहे. कथा घडते ती पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडॉक या गावी. १८७५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलाद कारखाना सुरू झाला तो येथेच. चित्रपटात मात्र उतरती कळा लागलेले गाव दिसते. तरुण माणसे गाव सोडू पाहतात. खुद्द रोमेरो यांनी वठवलेल्या पाद्र्यालाही सैतानावरील श्रद्धा हसण्यावारी न्यावीशी वाटते. अशा वेळी मायदेशातून आणलेली कुलशापाची कथा हेच कुडाचे एकमेव अर्थविश्व उरते. मार्टिनकडे तो माणूस म्हणून पाहत नाही. आधीच ठाऊक असलेल्या संहितेची प्रत म्हणून त्याचे वाचन करतो.

शेवट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. श्रीमती सांतिनी आत्महत्या करतात. कुडा तो मार्टिनचा बळी समजतो आणि त्याच्या छातीत खुंटी ठोकतो. मार्टिन निष्पाप नाही, त्याने खून केलेले आहेत. पण ज्या मृत्यूची शिक्षा त्याला मिळते तो त्याच्या हातून घडलेला नाही. चुकीच्या वाचनाला अशा रीतीने योग्य आरोपी सापडतो आणि प्रेक्षकाला करुणा व न्यायबुद्धी यांपैकी कशाचाही निर्वेध आधार मिळत नाही. तोदोरोव्ह यांच्या मांडणीत निर्णय झाला की अद्भुताचे साहित्यप्रकार म्हणून अस्तित्व संपते. येथे निर्णयाने माणूस संपतो. त्यानंतरही रेडिओच्या कार्यक्रमात श्रोते 'काउंट'चे काय झाले, असे विचारतच राहतात. कुडाच्या दृष्टीने वाचन पूर्ण झालेले असते. संहिता मात्र इतरांच्या तोंडी चालूच राहते.