हेतू मोजायचा कसा? बास्केटबॉलच्या एका नियमाची चिकित्सा

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये ‘इंटेन्शनल फाउल’ नावाचा नियम आहे. नावावरून तुम्हाला वाटेल, खेळाडूने मुद्दाम फाउल केला की पंचांनी तो द्यायचा. नियमपुस्तक उघडलंत तर गंमत दिसेल. व्याख्येनुसार हा फाउल आधी ठरवून केलेला असेल किंवा नसेलही! मग पंचांनी बघायचं काय? चेंडूसाठी खरा प्रयत्न झाला का, प्रतिस्पर्ध्याची उघड संधी धक्क्याने हिरावली का, चेंडूशी संबंध नसलेल्याला अडवलं का, धक्का फार जोराचा होता का.

संशोधनपद्धतीत आपण ‘कार्यात्मक व्याख्या’ शिकतो, ती हीच. हेतू दिसत नाही, म्हणून दिसणाऱ्या खुणा ठरवायच्या. त्यामुळे प्रशिक्षक बाजूने ‘फाउल कर’ म्हणून ओरडला, तरी तेवढा पुरावा पुरत नाही. आणि मनात काही नसताना बसलेला जबर धक्काही या फाउलमध्ये मोडतो.

व्याख्या चांगली आहे, नाव मात्र फसवं. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुरुषांच्या खेळाने २०११-१२ च्या हंगामापासून ते बदलून ‘फ्लॅग्रंट १’ केलं.

खरी अडचण येते शेवटच्या मिनिटात. पिछाडीवरचा संघ घड्याळ थांबवण्यासाठी फाउल करतो. फाउलची मर्यादा आधीच ओलांडलेली असेल, तर साध्या फाउलवर आघाडीच्या संघाला फ्री थ्रो मिळतात आणि नंतर चेंडू बहुधा पिछाडीवाल्यांकडे येतो. इंटेन्शनल दिला, तर दोन फ्री थ्रो होऊन चेंडूही आघाडीच्या संघाकडेच राहतो.

आकडा मांडून बघा. समजा फ्री थ्रो मारणाऱ्याची अचूकता ७० टक्के आहे. दोन फ्री थ्रोमध्ये सरासरी १.४ गुण जातात. साध्या फाउलमध्ये त्या बदल्यात चेंडू मिळतो आणि तीन गुणांच्या बास्केटची आशा राहते. इंटेन्शनलमध्ये गुणही गेले, चेंडूही गेला. म्हणजे पंचांच्या एका निर्णयावर अख्खी रणनीती उभी आहे.

व्याख्या काटेकोर लावली तर यातले बरेच फाउल इंटेन्शनल ठरतील. प्रत्यक्षात हात चेंडूच्या दिशेने गेलेला दिसला की अनेकदा साध्या फाउलवर भागतं. मग खेळाडूही तेच शिकतात: धरायचंच आहे, पण हात चेंडूकडे ने. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आठवतोय? मोजमापच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं.

यावर एक युक्तिवाद असा, की इतकं काटेकोर राहिलं तर पिछाडीच्या संघाचा परतीचा रस्ताच बंद होईल. मुद्दा रास्त आहे. पण मग अपवाद लिहून ठेवा ना! एनबीएने २०२२-२३ पासून जलद हल्ला रोखण्यासाठी मुद्दाम केलेल्या फाउलवर एक फ्री थ्रो आणि चेंडू अशी शिक्षा ठेवली. ती चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत लागू नाही, हे नियमातच आहे. अपवाद पटो न पटो, दोन्ही संघांना तो आधी माहीत असतो. शालेय खेळात तोच अपवाद पंचांच्या सवयीत राहतो, आणि पंच बदलला की निकाल बदलू शकतो.

म्हणून माझं मत: मागून जर्सी ओढली, मिठी मारून थांबवलं, चेंडूकडे न बघता ढकललं, तर पहिलं मिनिट असो वा शेवटचं, इंटेन्शनल द्यावा. चेंडूसाठी खरी झटापट असेल, तर साधा फाउल पुरे. घड्याळ बघून निकष बदलू नये.

आता तुमचा आराखडा काढा. कुठल्या नोंदी वगळणार, हे त्यात लिहिलंय का? की निकाल हाती आल्यावर ‘ही नोंद जरा विचित्रच वाटते’ म्हणून ठरवणार? तसं केलंत, तर शेवटच्या मिनिटातले पंच तुम्हीच.