तार बदलली, म्हणजे नेमकं काय बदललं?

सतारीला कुठली तार चांगली, असं आम्हांला नेहमी विचारलं जातं. आमच्या मते प्रश्नच अपुरा आहे. चांगली कशासाठी, हे आधी ठरायला हवं.

साधा हिशेब पाहा. बाजाची पोलादी तार ०.३० मिलिमीटरची आहे, तिच्याजागी ०.३३ची लावली. जाडी वाढली दहा टक्के. पण तोच स्वर ठेवायचा तर ताण वाढतो एकवीस टक्के, कारण तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तरुणपणी हा उद्योग आम्ही केला. आवाज भरला, खोटं कशाला बोला! पण मींड घेताना बोट रडकुंडीला आलं, आणि पातळ तारेसाठी घासलेली जवारी पूर्वीसारखी खुलेना. आम्ही तारेला नावं ठेवली. चूक आमची होती: एक गोष्ट बदलली तरी बाकी सगळं जागच्या जागी राहील, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता थोरांचे प्रयोग बघू. रविशंकरांनी खर्ज-पंचमाच्या जाड तारा ठेवल्या. त्यामुळे आलाप थेट मंद्राच्या तळाशी उतरू शकला. विलायत खाँसाहेबांनी त्या काढल्या आणि गंधाराची तार आणली. मंद्राचा तो तळ गेला. पण सा-ग-प असा भरलेला आधार मिळाला, आणि त्यावर त्यांचं गायकी अंग उभं राहिलं. मग श्रेष्ठ कोण? हा वाद आम्हांला पोरकट वाटतो. खाँसाहेबांच्या रचनेवर टीका करायचीच तर अशी करावी: गंधाराची तार प्रत्येक रागाला चालत नाही. मालकंसात गंधार कोमल, सारंगात तो मुळी नाहीच. म्हणजे दरवेळी ती तार नव्याने लावणं आलं. रविशंकरांच्या रचनेलाही किंमत आहेच: जास्त तारा, जास्त ताण आणि जवारीवर जास्त मेहनत.

वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं, तारेचा नव्हे. ते भौतिकशास्त्र आज कोणी मानणार नाही. पण आवाज एकट्या तारेच्या मालकीचा नसतो, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. तार, घोडी, भोपळा, बोट आणि राग, सगळे त्याचे वाटेकरी.

म्हणून प्रयोग जरूर करा. पण एका वेळी एकच तार बदला, आठवडाभर वाजवा, आणि काय मिळालं याच्या शेजारी काय गेलं तेही लिहून ठेवा. दुसरा रकाना कोरा राहिला, तर आपण नीट ऐकलेलं नाही असं समजावं.