खडकीचें पितळी बक्कल : एक परीक्षण

खडकीस मुळेच्या बाजूला पाया खणतांना मिळालेल्या एका पितळी बकलाविषयीं एका स्मरणिकेंत नुकतेंच एक टिपण प्रसिद्ध झालें आहे. टिपणकारांचा निर्णय असा कीं, तें बक्कल ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईंत पडलेल्या कंपनीच्या शिपायाचें होय. एवढ्यावर न थांबतां, तें जेथें मिळालें तेथवर कंपनीची फळी पसरली होती असें धरून त्यांनीं लढाईचा नकाशाही दुरुस्त केला आहे, आणि त्या जागीं तशी पाटी लावावी अशी सूचना केली आहे. पाटी एकदां लागली म्हणजे ती पुढल्या पिढीस पुरावा होऊन बसते. म्हणून टिपणकारांच्या हौसेबद्दल आदर असूनही त्यांच्या निर्णयाचें परीक्षण करणें आम्हांस अवश्य वाटतें.

मूळ वस्तु आम्हीं हातीं घेऊन पाहिली. ती दोन भागांची आहे. एक वाटोळी चकती, व ती जींत अडकते तें कडें. चकतीवर मुकुट, मुकुटावर उभा सिंह. कड्यावर रोमन अक्षरांचा लेख. लेखाचा पहिला शब्द झिजला आहे, शेवटचे दोन स्पष्ट आहेत. दोन्ही भागांना मागें पट्टा ओंवण्याचे फांसे आहेत. समोरची बाजू सांपडल्यावर कोणीं चिंचेनें घांसून लखलखीत केली आहे. मागची बाजू मात्र सुदैवानें हिरवीच राहिली.

टिपणकारांचें मुख्य प्रमाण एकच : वस्तु रणभूमीवर मिळाली, म्हणून ती रणाची. तर्कसंग्रह पढलेला विद्यार्थी या हेतूचें नांव तेव्हांच सांगेल. पर्वतावर अग्नि आहे, कारण पर्वत ज्ञानाचा विषय आहे, असें म्हटल्यास जो दोष येतो तोच येथें येतो. ज्ञानाचा विषय तर सरोवरही आहे, पण तेथें अग्नि नाहीं. तद्वत् खडकीच्या मातींत लष्करी पितळ असणें हें लढाई झाली म्हणूनही घडेल आणि लढाईवांचूनही घडेल. हेतु सव्यभिचार झाला. येथें तर व्यभिचाराचें स्थळ उघडच आहे : लढाई एक दिवसाची, आणि तिच्यामागून बसलेली इंग्रजांची छावणी सव्वाशें वर्षांहून अधिक काळाची. १८६९ मध्यें तेथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. सॅपर्स-मायनर्सचें ठाणें तेथेंच होतें. इतक्या वर्षांत किती पट्टे तुटले आणि किती बकलें उकिरड्यावर गेलीं याची गणती कोण करील? अशा भूमींत एखादें बक्कल न सांपडतें तरच आश्चर्य.

आतां वस्तूच्या घडणीकडे वळूं. खरा निर्णय तेथेंच होतो, आणि टिपणांत त्याविषयीं अवाक्षर नाहीं. १८१७ सालीं इंग्रजी पद्धतीच्या पायदळाच्या शिपायाच्या छातीवर दोन रुंद पट्टे एकमेकांस छेदून जात. एकास काडतुसांची पेटी, दुसऱ्यास संगीन. ते जेथें छेदत तेथें पितळेचा एक अखंड पत्रा असे, लंबवर्तुळ किंवा चौकोनी, व त्यावर बहुधा पलटणीचा आंकडा किंवा चिन्ह. तो पत्रा छातीवरचा, कंबरेचा नव्हे. पुढें १८५५ च्या सुमारास इंग्रजी पायदळाचा पोषाख पालटला, छातीवरचा पत्रा गेला, संगीन कंबरपट्ट्यास लटकूं लागली, आणि तेव्हां चकती व कडें यांच्या जोडीचें हें बक्कल सर्रास झालें. १८८८ च्या नव्या सरंजामांतही तें टिकलें. १९०३ चे चामडी पट्टे व १९०८ चे विणीव सुती पट्टे आले तेव्हां रणांतील सरंजामांतून तें मागें पडलें. समारंभाच्या पांढऱ्या पट्ट्यावर मात्र पुढेंही राहिलें. तेव्हां १८१७ च्या शिपायाच्या अंगावर हें बक्कल चढवणें म्हणजे पेशव्यांच्या दरबारांत आगगाडीचें तिकीट काढण्यासारखें आहे.

लेखाविषयीं टिपणकारांनीं जें लिहिलें आहे तें वाचून हंसूं आवरत नाहीं. शेवटचा शब्द 'ड्रॉइट' असा वाचून तो कोणा कप्तानाचा असावा असा त्यांनीं तर्क केला आहे. शब्द फ्रेंच आहे. उच्चार 'द्र्वा', अर्थ हक्क. सबंध वाक्य 'द्यू ए मों द्र्वा', म्हणजे 'परमेश्वर आणि माझा हक्क'. हें इंग्लंडच्या राजाचें ब्रीद होय. कंपनीचें ब्रीद निराळें, व लॅटिन : 'ऑस्पिसिओ रेजिस एत सेनातुस आंग्लिए', इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आश्रयानें. तथापि केवळ ब्रीदावरून आम्हीं निकाल देत नाहीं. १८५८ पूर्वींही कंपनीच्या फौजेबरोबर राजाच्या पलटणी हिंदुस्थानांत लढत होत्या. १८०३ मध्यें असईस त्या होत्याच. ब्रीदानें इतकेंच ठरतें कीं, हा कंपनीचा शिक्का नव्हे. काळ ठरतो तो घडणीनें.

मुकुटावरून काळ थोडा आणखी आंवळतां येतो. या मुकुटाच्या कमानी मध्यभागीं दबलेल्या आहेत. हें वळण व्हिक्टोरियाच्या कारकीर्दींतलें. १९०१ नंतर कमानी वर उचललेल्या दिसतात, आणि १९५३ पासून पुन्हां दबलेल्या. पण तोंपर्यंत खडकीहून इंग्रज गेलेला होता. (२०२२ नंतर तिकडे मुकुट पुन्हां पालटला, तो आपल्या उपयोगाचा नाहीं.) ठसे कोरणाऱ्या कारागिरांत भेद असतो, म्हणून हा नियम स्थूल समजावा. तरी घडण व मुकुट मिळून बक्कल १८५५ ते १९०१ या अवधींत तयार झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. तें हरवलें मात्र पुढें केव्हांही असेल. पोथीचा लेखनकाळ आणि ती वाळवींत सांपडण्याचा काळ एक नसतो.

वापरणारा लष्करीच होता असेंही बक्कल सांगत नाहीं. लष्करांतून उतरलेले पट्टे पुष्कळ ठिकाणीं फिरत. आपल्या कचेऱ्यांतला 'पट्टेवाला' या नांवाचा अर्थच पट्टा व त्यावरील पितळी बिल्ला यांत आहे. 'बक्कल' शब्दाचीही गंमत पाहावी. इंग्रजींत तो अडकवण्याच्या कडीचा. आपल्याकडे पोलीस शिपायाच्या आंकड्यास 'बक्कल नंबर' म्हणतात, मग कडी असो वा नसो. शब्द जेथें असा घरें बदलतो, तेथें वस्तु बदलत नसेल हें कशावरून?

१८१७ ची निशाणी हवी असेल तर ती शिशाच्या गोळ्यांत शोधावी. त्या काळच्या बंदुकीची नळी सुमारें पाऊण इंच व्यासाची व गोळी त्याहून किंचित् लहान असे. एक गोळीही कांहीं सिद्ध करणार नाहीं. पन्नास गोळ्यांच्या पन्नास जागा मोजून टिपल्या तर फळी कोठें होती हें दिसूं लागेल. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्यें वणव्यानें गवत जळालें, आणि १९८४ पासून संशोधकांनीं धातुशोधक यंत्रानें एकेक पुंगळी व गोळी जेथल्या तेथें नोंदून लढाईच्या हालचाली मांडल्या. खडकी व गणेशखिंड यांमधील माळ आतां बहुतेक इमारतींखालीं गेला आहे. जो थोडा मोकळा आहे त्यांतली प्रत्येक वस्तु म्हणूनच मोलाची, आणि तिची जागा व खोली वस्तूहून अधिक मोलाची. टिपणांत खोली दिलेलीच नाहीं. 'पायांत' एवढेंच म्हटलें आहे.

मोरोपंत दीक्षित त्या दिवशीं जरीपटक्यासह पडले. त्यांच्या बाजूचा एखादा अवशेष त्या मातींत अजून असेलही. ज्या जागेवर आज चुकीची पाटी लावूं, तेथें उद्यां तो शोधण्यास कोणी जाणार नाहीं.

पाटीची सूचना टिपणकारांनीं मागें घ्यावी. बकलाची हिरवी राहिलेली मागची बाजू कोणास घांसूं देऊं नये. कारखानदाराचा ठसा असल्यास तो तेथेंच असावयाचा. तिचें छायाचित्र, वजन व मापें त्यांनीं पाठविल्यास आम्हीं या त्रैमासिकांत आनंदानें छापूं.