भागाकारात हरवलेला भार

खेळाडूच्या सरावाचा भार मोजण्याची एक सोपी पद्धत अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचे, ‘किती कठीण गेले?’ ० ते १० पैकी मिळालेल्या अंकाला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. ४० मिनिटांना ५ अंक दिले, तर भार २००. वही-पेन्सिल पुरते. या पद्धतीबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे.

चालू आठवड्याच्या भाराला गेल्या चार आठवड्यांच्या (चालू धरून) सरासरीने भागायचे. टिम गॅबेट यांच्या २०१६ मधील लेखानंतर हे गुणोत्तर जगभर पसरले : ०.८ ते १.३ सुरक्षित, १.५ च्या वर धोका. भार एकदम वाढवू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण गणित तपासून पाहू या.

समजा, निमगाव केतकीच्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीमुळे तीन आठवडे सराव बंद होता. नंतरच्या आठवड्यात एका मुलीचा भार १०० झाला. चार आठवड्यांची सरासरी २५, गुणोत्तर ४. दुसरीचा भार १०००; सरासरी २५०, गुणोत्तर पुन्हा ४! रमतगमत पळालेली आणि दमछाक होईतो पळालेली, दोघी सारख्याच ‘धोक्यात’. कारण तोच आकडा भागाकारात वरही आहे आणि खालीही. आधीचे तीनच आठवडे धरले, तर शून्याने भागावे लागते. इंपेलिझेरी व सहकाऱ्यांनीही २०२० मध्ये या गुणोत्तराच्या पायावर आक्षेप घेतले.

आणि ते शून्य तरी खरे शून्य असते का? पानमळ्यांच्या आणि डाळिंबबागांच्या या गावात सुट्टीतही मुले राबतात. शेजारच्या बारामतीत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी धावून शर्यत जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपटही आला. कागदावर त्यांचा सराव जवळजवळ शून्य. पण शेतमजुरीत गेलेल्या वर्षांचा भार कोणत्या रकान्यात लिहायचा?

म्हणून वही ठेवावी, भागाकार सोडावा. रोजच्या भाराशेजारी झोप, दुखणे आणि घरचे काम यांचे तीन रकाने आखावेत. सुट्टीनंतर सराव थोडा थोडा वाढवावा. मूल लंगडत मैदानावर आले, तर गुणोत्तर १.० असले तरी त्याला बसवावे. ते लंगडणे कोणत्याही सूत्राआधी शिक्षकाला दिसते.