धावते वर्णन : डोळे कोणाचे, कान कोणाचे?

क्रिकेटचे धावते वर्णन हा वाङ्मयप्रकार मानावा काय, असा प्रश्न मी धुळ्याच्या वर्गात टाकला तेव्हा मुले हसली. मी मात्र गंभीर होतो.

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत वडिलांपाशी एक ट्रान्झिस्टर होता. गावात टीव्ही होता, पण तो दुसऱ्याच्या घरात, आणि आम्ही पाहायचे ते उंबऱ्याबाहेरून. ट्रान्झिस्टरला उंबरा नव्हता. केळीला पाणी भरताना वडील ऐकत आणि बांधावरून जाणारा मालकही विचारी, "कोण आउट व्हयना रे?" तेवढ्यापुरते सांगणारे वडील असत आणि ऐकणारा मालक.

ऐकण्याचा हा आनंद पाहण्याची दुय्यम प्रत नव्हे. आधी प्रेक्षकांचा कल्लोळ येतो, मग शब्द. मधल्या क्षणात श्रोता आपला सामना आपणच रचतो. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी मराठीला हे सामर्थ्य दिले. षटक, यष्टी, पायचीत हे शब्द वडिलांना शाळेने नव्हे, रेडिओने दिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरी माझे दोन आक्षेप आहेत. ही मराठी पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांची होती. वडिलांची अहिराणी त्यांना तिच्यात कधी भेटली नाही. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. श्रोता सांगणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो. सांगणाऱ्याने गाळले ते श्रोत्यापुरते घडतच नाही. पालवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. इतकी वर्षे रेडिओ ऐकूनही वडिलांच्या कानी हे नाव आले नाही. मला ते पदवीनंतर, रामचंद्र गुहांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथात सापडले.

या अवलंबनातून सुटण्याची वाट अंधांच्या क्रिकेटमध्ये दिसते. तिथे चेंडूत छर्रे असतात. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'यस' म्हणतो, मग 'प्ले' म्हणून चेंडू सरपटत येतो. संघात किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात. २०१२ साली बंगळुरूत भारताने अंधांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. २०२५ साली कोलंबोत महिलांनीही जिंकला. माझा एक अंध विद्यार्थी म्हणाला, "सर, रेडिओवर मला दुसऱ्याचं ऐकावं लागतं. इथं चेंडूच बोलतो."

दलित साहित्याने दुसरे काय केले? आपल्या जगण्याचे वर्णन दीर्घकाळ इतरांनी केले, काहींनी कळवळ्यानेही केले. आपण म्हटले, आता आम्हीच सांगू. मग हा आग्रह कथा-कवितेपुरताच का ठेवायचा? खानदेशातल्या कबड्डीचे, कुस्तीचे धावते वर्णन आपल्या वस्तीतल्या पोराने अहिराणीत करावे आणि ते जळगाव आकाशवाणीवरून ऐकू यावे, ही मागणी मला साहित्यिकच वाटते. कार्यकर्त्यांनी ती लावून धरावी.